शांत खोलीतले जावईबापू

माझ्या स्टुडिओत घड्याळ नाही. होतं, टिकटिक करायचं म्हणून मीच काढून टाकलं. पंखा काढला, करकरणारी खुर्ची काढली, आणि एकदा वाचनालयाचे अध्यक्ष नवे बूट घालून आले तेव्हा त्यांनाही बाहेर काढलं. अंधांच्या वाचनालयासाठी आम्ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे वाचायला माझी थोरली बहीण. पान उलटताना कागदाचा जराही आवाज होऊ न देणारी माणसं मुळात कमी, आणि ताईसारखं वाचणारं तर कोणीच नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. डोक्यावर चढून बसली असती.

एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर ताई आजारी पडली. मोठं आतडं इतकं खराब झालं होतं की ते काढूनच टाकावं लागलं. सर्जननी लहान आतड्याचं टोक बेंबीच्या उजवीकडे पोटावर बाहेर आणून शिवलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. हे आता जन्मभर, हेही त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. ताईनं पहिल्यांदा पांघरूण बाजूला केलं तेव्हा मी खिडकीकडे वळलो, भाऊजी स्वतःच्या चपला बघायला लागले. ती मात्र बघत राहिली.

"लाल आहे," ती म्हणाली. "आणि हलतंय."

शिकवायला आलेल्या नर्सनी सांगितलं, की याला स्टोमा म्हणतात. हात लावला तरी तो दुखत नाही, पण त्याच्यावर आपला ताबाही नाही. कधी येईल, किती येईल, आवाज करेल का, काही सांगता येत नाही.

"म्हणजे जावईच की," ताई म्हणाली. "कधी येणार ते कळवायचं नाही, आला की सगळ्यांनी उठायचं, आणि बोलायची सोय नाही."

नर्स हसल्या. भाऊजी हसले नाहीत. ते आमच्या घरचे जावई.

घरी आल्यावर मात्र चेष्टा संपली. पिशवीच्या चिकट चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक आपणच कापायचं असतं. सुरुवातीला ताईचं भोक मोठं व्हायचं, कडेनं गळायचं, आणि खालची कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. एकदा मी गेलो तर भाऊजी बाथरूमच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे होते आणि आतून ताईच्या रडण्याचा आवाज येत होता. माझे कान चांगले आहेत याचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता. पळून जावंसं वाटलं.

पण ती शिकली. सकाळी, काही खायच्या आधी, जावईबापू झोपेत असतात तेव्हा पिशवी बदलायची हे तिनं हेरलं. बाकदार कात्रीनं, जीभ दातांत धरून, ती भोक असं कापायला लागली की बोट फिरवलं तरी कड लागू नये. चकती कातडीला नीट धरावी म्हणून आधी हाताखाली ऊब देऊन ठेवायची. घास बारीक चावायचा, मीठ-साखरेचं पाणी पीत राहायचं, पर्समध्ये एक जास्तीची पिशवी ठेवायची. बोटाला सुरी लागली तर मला घेरी येते. ही बाई स्वतःच्या उघड्या आतड्याभोवती कापूस फिरवत भाऊजींना विचारायची, "दूध उतू गेलं का बघा हो." मी तिच्यापुढे मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील.

वाचनालयातून फोन आला. ऐकणारे पुढचा भाग मागत होते, तर उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं का? मी ताईला विचारलं.

"कादंबरीतल्या म्हातारीला मध्येच दुसरा गळा फुटणार?" ती म्हणाली. "ऐकणाऱ्यांना वाटेल, गेली ती बिचारी. मीच संपवणार."

बोलणं सोपं होतं. वाचणाऱ्याचा श्वास पोटातून येतो आणि तिचं पोट उभं चिरलेलं होतं. लांब वाक्य अर्ध्यात तुटायचं. मग ती रोज भाऊजींना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. श्वास हळूहळू परत आला, आणि भाऊजींना नको इतकं जग कळलं.

शेवटी ती काचेपलीकडे येऊन बसली. आवाज तोच होता. माझा जीव भांड्यात पडला. दोन-तीन पानं झाली आणि तिच्या पोटातून लांबलचक गुरगुर आली. त्या खोलीत ती कपाट सरकवल्यासारखी ऐकू आली. ताई थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

एरवी मी, माझा आवाज आत पोचवणारं बटण दाबून खेकसलो असतो. पण माझी जीभच उचलेना.

"थांब जरा," मी गोड आवाजात म्हणालो. "मशिन अडकलंय."

परत वाचन, परत गुरगुर, परत मशिन अडकलं. असं बऱ्याचदा झाल्यावर तिनं कानावरचा हेडफोन काढला आणि ती माझ्या बाजूला आली.

"मशिन दाखव."

"काय दाखवू?"

"माझं पोट बोललं की नेमकं कुठे अडकतं, ते."

मी मशिनवरची नसलेली धूळ पुसायला लागलो.

"अध्यक्षांना बुटांपायी हाकललंस," ती म्हणाली. "मला सर्दी झाली तर माझ्या नाकावर ओरडलास. आणि आज तू गोड बोलतोयस. बाथरूममध्ये रडत बसायचे तेव्हाही मी एवढी आजारी नव्हते रे, जेवढी तू मला आत्ता केलीस." ती दारापाशी गेली. "ओरडणार असशील तर वाचते. नाहीतर बघा दुसरी कोणी."

ती आत जाऊन बसली. पुढच्याच पानावर जावईबापू बोलले. मी बटण दाबलं. 

"आवाज," मी खेकसलो. "मागच्या वाक्यापासून घे. आणि पुस्तक सरळ धर."

पुस्तक सरळच होतं. ताईनं मान खाली घातली, पण काचेतून तिचं हसू मला दिसलं.

"हो साहेब," ती म्हणाली आणि मागच्या वाक्यापासून घेतलं.

मग आम्ही भल्या सकाळी ध्वनिमुद्रण करायला लागलो; ती खायची ते नंतर. पिशवीचं प्लास्टिक चुरचुरतं अशी मी तक्रार केली, तर तिनं तिला मऊ सुती झबलं शिवलं. तळहात पोटावर ठेवून वाचायची. आवाज यायच्या किंचित आधी हाताखाली हालचाल कळते म्हणे. तेवढ्यात ती वाक्य पुरं करायची, पूर्णविरामाला थांबायची, जावईबापूंचं बोलून झालं की पुढचं वाक्य त्याच सुरात उचलायची. जोड कुठे आहे ते मलाही ऐकू यायचं नाही. असा वाचणारा मी पाहिलेला नाही, आणि या वेळी ते मी तिला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे ती डोक्यावर चढून बसली.

कादंबरी संपली. पुस्तक संपलं की आमच्याकडे खोलीची नुसती शांतता थोडा वेळ ध्वनिमुद्रित करतात, वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. वाचणाऱ्यानं जागेवर बसून राहायचं, हलायचं नाही. ताईनं पुस्तक मिटलं. मी मशिन चालू केलं. शांतता जमत आली आणि मोठी, ऐसपैस गुरगुर झाली.

"कोण आहे ते?" मी बटण दाबून विचारलं.

"जावई."

"बाहेर काढ त्याला."

ताईनं पोटावरचा हात तसाच ठेवला.

"तो बाहेर गेला तर मलाही जावं लागेल," ती म्हणाली.

काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. ती मी बाहीनं पुसली.

"मग बसा दोघंही," मी म्हणालो. "पुन्हा घेतो."