भिंगरीचा धंदा आणि बाबांची मदत

फर्निचरच्या दुकानातला विक्रेता म्हणून भिंगरीच्या बाबांचं नाव मोठं होतं. निदान ते स्वतः तरी ते मोठ्याने घेत. "माझ्या जिभेपुढे गिऱ्हाईक टिकत नाही," असं ते जेवताना सांगायचे. बायको म्हणायची, "घरातलेही टिकत नाहीत. पुरे आता."

अकरा वर्षांच्या भिंगरीने चाकांचे बूट मागितले, तेव्हा बाबांच्या खिशात खडखडाट होता. पण तसं कबूल करणं जिवावर आलं. त्यापेक्षा उपदेश स्वस्त पडतो. "स्वतः कमावून घे," ते म्हणाले. "त्याची गोडीच वेगळी."

"तुम्ही किती वर्षांचे असताना कमवायला लागलात?"

लग्न ठरल्यावर, सासऱ्यांच्या धाकाने, हे उत्तर त्यांनी घासाबरोबर गिळलं. "वयाचं काय घेऊन बसलीस! तत्त्व महत्त्वाचं."

भिंगरीने तत्त्व मनावर घेतलं. रविवारी सकाळी इमारतीमागच्या अंगणात ती बादली, चिंध्या, जुना टूथब्रश आणि तेलाची बुधली घेऊन बसू लागली. शेजाऱ्यांच्या सायकली पुसायच्या, चेनमधली घाण खरवडायची, तेल द्यायचं, हवा भरायची. एका रविवारी एकच सायकल. काम झालं की स्वतः एक चक्कर मारून बघायची, मगच मालकाला हाक.

बाबा वरच्या गॅलरीत चहा घेत उभे असत. उंटावरून शेळ्या हाकायला इतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. "अशाने म्हातारी होशील गं! धंदा वाढव."

"मला एवढाच झेपतो, बाबा."

"मग मी कशाला आहे?"

एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी जिन्यातच तिघांना गाठलं. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई, ताडमाड उंच पोस्टमन आणि देहाने भारदस्त असे गाण्याचे मास्तर. "उद्या संध्याकाळी सायकल अशी मिळेल, की ओळखणार नाही!" असं छातीठोकपणे सांगून ते गड जिंकल्याच्या थाटात घरी आले.

भिंगरीने डोक्याला हात लावला. "उद्या माझी पोहण्याची स्पर्धा आहे. म्हणून तर मी कुणाला हो म्हटलं नव्हतं."

"मग आता?"

"कबूल कुणी केलं?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

रविवारी मायलेकी स्पर्धेला गेल्या आणि बाबा बाह्या सरसावून अंगणात उतरले. काम सोपंच वाटलं, म्हणून ते त्यांनी अवघड करून घेतलं. सीटखाली धूळ साचते हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने हेरलं होतं, तेव्हा तिन्ही सीटा दांड्यांसकट उपसून धुतल्या आणि ओळीने उन्हात ठेवल्या. कुठली कुणाची, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ज्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, त्याला प्रश्न कमीच पडतात. संध्याकाळी हाताला येईल ती सीट त्या त्या सायकलला बसवून आणि पैसे गोळा करून त्यांनी ऐटीत लेकीच्या हातावर ठेवले.

सोमवारी सकाळी अंगणात आरडाओरडा सुरू झाला. नर्सबाईंचे पाय पॅडलपर्यंत पोचेनात. पोस्टमनचे गुडघे हँडलला आपटत होते. मास्तर अरुंद सीटवर बसून खालच्या पट्टीत विव्हळत होते.

बाबा पडद्याआडून बघत म्हणाले, "जा ना भिंगरी, धंदा तुझा आहे." वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मुकाट्याने चपला घालून तेही तिच्यामागे उतरले.

पण जिभेची सवय वाईट. खाली पोचताच ते म्हणाले, "ही नव्या पद्धतीची बैठक आहे, बरं का. पाठीच्या कण्याला एकदम..."

"कण्याचं मला सांगू नका," नर्सबाई कडाडल्या. "ड्यूटीला उशीर झालाय माझ्या."

भिंगरीने पाना पुढे केला. "बाबांनी सीटा बदलल्या. पण धंदा माझा आहे. आत्ता नीट करून देते आणि तुमचे पैसेही परत."

पैसे परत! विक्रीच्या इतक्या वर्षांत हे दोन शब्द बाबांनी एकत्र कधी उच्चारले नव्हते. भिंगरीने सीटा बदलल्या, एकेकाला बसवून टाच पॅडलला टेकते का ते पाहिलं आणि नट आवळले. बाबा सायकली धरून उभे होते. नर्सबाईंनी पैसे मोजूनमापून घेतले आणि निघून गेल्या. पोस्टमननेही घेतले. मास्तर मात्र म्हणाले, "राहू दे गं, पोरी. सायकल चकचकीत झाली आहे, हे खरं."

पुढच्या रविवारी पोस्टमन पुन्हा सायकल घेऊन हजर. "करणार कोण?" त्याने आधी विचारलं.

"मी," भिंगरी म्हणाली.

"मग ठेवतो."

बाबांना पाणी आणायचं काम मिळालं. तेही पहिल्या दिवशी त्यांनी अर्धं जिन्यात सांडलं. काही महिन्यांनी भिंगरीने चाकांचे बूट घेतले, वापरलेले पण धडके. धंदा मात्र चालूच राहिला.

मग एका रविवारी तिने बाबांच्या हातात पाना दिला. "मागच्या चाकाचा नट तुम्ही आवळा."

बाबांनी श्वास रोखून, कपाळावर घाम येईपर्यंत नट आवळला. भिंगरीने वाकून पाहिलं. "छान," ती म्हणाली, आणि पाना घेऊन तिने तो हळूच आणखी अर्धा फेरा आवळला. बाबांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. त्या 'छान'वर ते दिवसभर खूश होते.