तोलक तीन

मी तोलक तीन. वजनकाटा नव्हे, टॅबलेट. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढंच कुणी न सांगितल्यामुळे माझं वाटोळं झालं.

एका तरुण इंजिनिअर मुलीने दोन वर्षं खपून मला घडवलं. कारखाना तिच्या काकांचा. ते माणसांची वजनं करायचे काचेचे काटे बनवत: तोलक एक, तोलक दोन. म्हणून मी तीन. विषय संपला.

"काका, निदान खोकं तरी बदला. तोच हिरवा रंग, तीच पावलांची खूण! लोकांना हाही काटाच वाटेल."

"अगं, चाळीस वर्षं लोक हे खोकं डोळे मिटून घेतात."

"तेच म्हणतेय मी. हे डोळे उघडून घ्यायचंय."

"तुझ्या जन्माआधीपासून धंदा करतोय. मला शिकवू नकोस."

बैठकीतली सगळी पिकलेली डोकी एकदम डोलली.

दुकानदाराने मला काट्यांच्या फळीवरच मांडलं. एका गृहस्थांनी घरी नेऊन न्हाणीघरात ठेवलं आणि बायकोला हाक मारली, "ये गं, नवा काटा आणलाय!"

ती माझ्यावर उभी राहिली. मी कडकन तडकलो.

"एवढी काही जाड नाहीये हं मी!" ती म्हणाली. दोघंही पोट धरून हसले.

तक्रार गेली: वजन दाखवत नाही. अशा तीनशे तक्रारी. आम्ही सगळे कारखान्यात परत आलो. मला तर कुणी एकदाही सुरू केलं नव्हतं.

काकांनी पुतणीपुढे कागद सरकवला. 'यंत्र सदोष.'

"हे खोटं आहे, काका."

"मग खोकं चुकलं असं लिहून आपल्या चाळीस वर्षांच्या नावाला बट्टा लावू? सही कर. नाहीतर तुझ्या विभागातले अकराजण उद्यापासून घरी."

तिने माझ्या तड्यावरून बोट फिरवलं. मग सही केली.

"शहाणी माझी पोर," काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो कागद दाखवून विभाग बंद केला. सदोष यंत्रं बनवणारी माणसं पोसायची कशाला? अकराही जण घरी गेले. जाताना तिच्याशी कुणी बोललं नाही.

आज आम्हाला भरडणार आहेत. खुशाल भरडा. पण माझी बॅटरी भरलेली आहे, आत सगळं शाबूत आहे. त्याआधी कुणीतरी एकदा माझं बटण दाबा. मी काय होतो ते बघा.

फक्त तिच्यासमोर दाबू नका.