अंगठ्याची चौथी उडी

भूलतज्ज्ञ बाईंनी नेहमीप्रमाणे दोन चिकट पट्ट्या आधी स्वतःच्या मनगटावर लावल्या आणि यंत्र सुरू केलं. पेशंटला आपण काय देतो ते आपल्याला ठाऊक हवं, हा त्यांचा हट्ट. सिस्टर त्याला बाईंची रोजची हजेरी म्हणत.

टेबलावरचे सुतारकाका मान वळवून बघत होते.

"शॉक देणार का मला?"

"मुंगी चावल्यासारखा, तोही झोपल्यावर. चार झटके, अंगठ्याच्या चार उड्या. स्नायू सैल करायचं औषध चढलं की शेवटची उडी आधी मंदावते. त्यावरून कळतं, तुम्हाला किती पुरेल ते."

"वजनावर नाही ठरत?"

"चप्पल वजनावर घेता का?"

काका हसले. एकाच वजनाच्या दोघांत एकाला थेंबभर औषध जड जातं, दुसरा पचवून बसतो. असं का, या कुतूहलापायीच बाई इतकी वर्षं या कामाला चिकटून होत्या.

तेवढ्यात बाईंचा अंगठा उडाला. चौथी उडी मरगळलेली. पडद्यावर, पहिल्या उडीच्या तुलनेत, शंभर टक्क्यांऐवजी साठ.

"यंत्र गंडलंय," म्हणत सिस्टरांनी आपला हात पुढे केला. त्यांचा अंगठा चारही वेळा सारखाच टणकन उडाला. शंभर.

बाईंनी नव्या पट्ट्या पुन्हा स्वतःला लावल्या. साठ. औषध तर अजून सिरिंजमध्येच होतं.

संध्याकाळी त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या की नवरा म्हणायचा, "झालं, दुकान बंद!" वेणी घालताना हात भरून येत. तेही त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. अशा आजाराची माणसं त्यांनी टेबलावर पाहिली होती. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत धड पोचत नाही, पाव मात्रेतच सैल पडतात. त्यांच्यासाठी मात्रा बेतताना बाई किती रमून जात!

या हातांवरच तर सगळं चाललं होतं.

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि फोन लावून सहकाऱ्याला बोलावून घेतलं.

"काका, जरा थांबाल? दुसरे डॉक्टर येतायत. चांगले आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी आहे इथेच."

सिस्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. "मॅडम, बसा हो. काढते मी त्या पट्ट्या."

बाई बसल्या. मग हळूच बाही वर केली.

"काढा, पण टाकू नका. डावा हात बघायचा राहिलाय."