चार वाजताची रेघ

आमच्या घरात गोडाला बंदी नाही. हे आधीच सांगते, कारण सोसायटीत तसा समज आहे. शालूला पाचव्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं, "गोड द्या, पण मोजून द्या, आणि त्या मापाचं इन्सुलिन आधी द्या." तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्याकडे श्रीखंड असतं. तीस ग्रॅम तिला, तीस ग्रॅम मला. ओट्यावरच्या काट्यावर वाटी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि चमच्याच्या टोकाने घालत जायचं. शालू टाचा उंचावून बघते. एकोणतीस आले की "अजून, अजून" करते. मग इन्सुलिन टोचून पंधरा मिनिटं थांबायचं. ती पंधरा मिनिटं ती वाटी पुढ्यात घेऊन नुसता वास घेत बसते. तीस ग्रॅम श्रीखंड वीस मिनिटं पुरवणारी सहा वर्षांची मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्यामुळे मीही तसं खायला शिकले. लग्नात ताटभर श्रीखंड खाल्लं होतं, पण त्यात जायफळ असतं हे मला आता कळतं.

खरी पंचाईत व्हायची ती मोजता न येणाऱ्या गोडाची. श्रावणात आमच्या इमारतीत आठवड्याला दोन तरी सत्यनारायण. कर्वेनगरातली ही जागा म्हणजे माझ्या सासरचं शेत. बिल्डरला दिलं आणि बदल्यात चौथ्या मजल्यावर घर घेतलं. त्यामुळे पूजा कुणाकडेही असो, शिऱ्याचा पहिला द्रोण आमच्या दारात. तुपाने निथळणारा, केळं घातलेला. प्रसाद नाकारायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच, हा माझ्या सासूबाईंचा, म्हणजे तुळजाबाईंचा, कायदा.

"देवाचं हाय ते. एका घासानं काय व्हतंय पोरीला?"

"होतंय, आई. त्यालाच आजार म्हणतात."

मग तो शिरा मी डब्यात भरायचे आणि समोरच्या दारात नेऊन द्यायचे. समोर आबेदाभाभी राहतात. त्यांच्या नवऱ्याचं, रियाजभाईंचं, कसब्यात चष्म्याचं दुकान आहे, आणि त्यांची अल्फिया शालूच्याच वर्गात.

"प्रसादाचा आहे हं, चालेल ना?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"न चालायला काय झालं? शिऱ्याशी कुणाचं भांडण असतं का?" डब्यात डोकावून त्या म्हणाल्या, "आपल्या इमारतीवाल्यांचा साखरेचा हात मात्र सैल आहे बाई."

अल्फिया आईच्या कमरेमागून हात पुढे करायची. मला बरं वाटायचं. गोड घराबाहेर गेलं, कुणाचा मान मोडला नाही, आणि एक लेकरू खूश झालं.

शालूच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. तो दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर एक ठिपका पाठवतो, तिची साखर किती ते सांगणारा. ठिपक्यांची रेघ होते. मी आंघोळीला जाते तेव्हाही फोन बादलीशेजारच्या स्टुलावर असतो.

श्रावणातल्या पहिल्याच शुक्रवारी चार वाजता शालू माझ्यासमोर फरशीवर चित्र काढत होती. फोन वाजला. एकशे अडुसष्ट. पाच मिनिटांनी एकशे नव्याण्णव. मग दोनशे एक्केचाळीस, आणि शेजारी सरळ वर जाणारा बाण. दुपारचं जेवण मोजलेलं होतं, इन्सुलिन दिलेलं होतं.

"आई, तुम्ही तिला काही दिलंत?"

"मी? मी हितं वाती वळतीय. बघ माझं हात."

मी शालूचं तोंड उघडून वास घेतला. पेन्सिलीच्या लाकडाचा वास आला. रेघ दोनशे शहाऐंशीवर गेली होती. मी इन्सुलिनचं पेन काढलं, दोन युनिट लावली आणि तिचा फ्रॉक वर केला. सुई कातडीला टेकणार एवढ्यात ती म्हणाली, "मम्मा, माझे हात थरथरतायत. मला खूप भूक लागलीये."

साखर चढली की हात असे थरथरत नाहीत. उतरली की थरथरतात. मी तिचं बोट टोचून रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरवर घेतला. एकाहत्तर.

ती दोन युनिटं आत गेली असती तर? या वाक्याच्या पुढे मी अजूनही जात नाही.

सेन्सर खराब असेल, असं कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं. नवीन लावला. दोन दिवस तो बोटाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. मग सोमवारी चार वाजता रेघ पुन्हा उठली. अडीचशे, तीनशे. शालूचं बोट मात्र एकशे बारा. मी तासाभरात सहा वेळा टोचलं. दर वेळी तिने न कुरकुरता नवीन बोट पुढे केलं. शेवटी फोनमध्ये डोकावून म्हणाली, "मम्मा, हे माझं नाहीये ना? मग कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. मशीन चुकतंय."

माझा नवरा मच्छिंद्रही तेच म्हणाला. "यंत्र आहे ते, हेमा. चुकणारच."

"चुकलं तर कधीही चुकेल. चारच वाजता कसं चुकतं? त्याला काय चहाची वेळ झालेली कळते?"

त्यावर त्याने सेन्सरचा खोका उलटसुलट करून बघितला.

मी पहारा सुरू केला. खिडक्या लावल्या, फ्रिज तपासला, सासूबाईंच्या ट्रंकेतून खडीसाखर काढून घेतली. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी शालू झोपली की मी तिच्या उशाशी बसायचे. ती शांत झोपलेली, गाल गार, श्वास एकसारखा. आणि माझ्या हातात ती रेघ चढत चाललेली, जणू कुणीतरी माझ्या देखत तिला घासाघासाने भरवतंय आणि मला ते दिसत नाही. एक-दोनदा मी तिच्या तोंडासमोरच्या रिकाम्या हवेत हात फिरवून बघितला. शिकलेल्या बाईने सांगू नये, पण फिरवला.

मग मी आबेदाभाभींना जिन्यात अडवलं. "भाभी, शालूला तुमच्याकडे काही खायला देत नाही ना?"

"हेमावहिनी, डबे तुमच्याकडून आमच्याकडे येतात. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून मी त्यात शेंगदाणे घालते, साखरसुद्धा नाही, तुमच्या पोरीसाठी. विसरलात वाटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते एक वाक्य डोक्यातून जाईना. डबे तुमच्याकडून आमच्याकडे येतात. पहिल्या शुक्रवारी खालच्या मजल्यावरचा शिरा दिला होता. सोमवारी रव्याचे लाडू. मुली शाळेतून साडेतीनला येतात, आणि मी डबा तेव्हाच देते.

नारळी पौर्णिमेला मी नारळीभात केला. मी हे लपवणार नाही. त्या दिवशीचा डबा मी शेजारधर्म म्हणून भरला नाही. मला बघायचं होतं.

दार अल्फियाने उघडलं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. फ्रॉकचा गळा एका खांद्यावरून उतरला होता. हे मला आता आठवतं. तेव्हा मी तिच्याकडे बघतच नव्हते, घड्याळाकडे बघत होते.

घरी येऊन दार लावलं आणि झोपलेल्या शालूजवळ फोन घेऊन उभी राहिले. तीन पन्नासला एकशे अठरा. तीन पंचावन्नलाही एकशे अठरा. चार वाजता रेघेने उडी मारली. तीनशे दहा. तीनशे साठ. चारशे दोन. शालूचं बोट एकशे नऊ.

पलीकडच्या भिंतीतून बाथरूमचं दार वाजलं. फ्लश. नळ. थोड्या वेळाने पुन्हा दार, पुन्हा फ्लश. हे आवाज मी दोन आठवडे ऐकत होते. पाइप खराब झालेत, सोसायटीला सांगायला हवं, असं म्हणत होते.

त्या क्षणी मला सगळं कळलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी दार लावून घेते. दोन दिवस मी कुणाला डबा दिला नाही. आलेला शिरा सासूबाईंनी नाक मुरडत स्वतः खाल्ला. आता रेघ खाली येईल, असं मला वाटलं.

रेघ खाली आली नाही. ती आता चारची वाट बघत नव्हती. सकाळी चारशे तीस, दुपारी चारशे सत्तर. तिसऱ्या दिवशी आकडाच गेला. पडद्यावर नुसतं आलं की साखर यंत्राच्या मापापलीकडे आहे. शालू समोर दोरीच्या उड्या मारत होती.

"आज अल्फिया आलीच नाही शाळेत," ती उड्या मारता मारता म्हणाली. "काल ती वर्गात झोपली. तिने माझं पण पाणी संपवलं. आणि सारखी शू, सारखी शू. सगळे हसतात तिला."

मला गेल्या वर्षीची शालू दिसली. रात्रीत ओली होणारी गादी, एका दमात रिकामी होणारी बाटली, सैल पडणारे फ्रॉक. तेव्हा मी म्हणाले होते, उन्हाळा आहे. इमारतीत अठ्ठेचाळीस घरं. त्यात हे सगळं एकदा डोळ्यांनी बघितलेली बाई मी एकटीच, आणि मी दोन आठवडे फोन बघत होते.

मीटर घेऊन मी समोरची बेल दाबली.

"पित्त झालंय," आबेदाभाभी म्हणाल्या. त्यांचे डोळे जागरणाने सुजले होते. "सकाळपासून चार उलट्या. पोटात काही ठरत नाही, म्हणून लिंबू-साखरेचं पाणी पाजतेय घोट घोट."

"भाभी, मला तिचं बोट द्या."

"आता माझ्या पोरीचंही मोजणार तुम्ही? वहिनी, प्रत्येकाला काही तुमच्या घरचा…" माझा चेहरा बघून त्या थांबल्या आणि बाजूला झाल्या.

खोलीत पिकून उतरलेल्या फळांचा वास होता. फळं कुठेच नव्हती. तो वास अल्फियाच्या श्वासाचा होता. पळून आल्यासारखी ती खोल खोल श्वास घेत होती, आणि डोळे अर्धे उघडे. बोट टोचलं तर तिला कळलंही नाही. मीटरने पाच, चार, तीन, दोन, एक मोजलं. आकडा आला नाही. मापापलीकडे.

"म्हणजे काय?" भाभींनी विचारलं.

"म्हणजे आत्ता, या मिनिटाला निघायचं. ते पाणी ओतून द्या. रियाजभाईंना म्हणावं थेट हॉस्पिटलात या."

मी अल्फियाला उचललं तेव्हा सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. तिचा लोंबता हात त्यांनी उचलून तिच्या छातीवर ठेवला. "आगं माझे बाय, पोर वाळून गेलीय की. आन् आपण शिरा देत व्हतो." मग मला म्हणाल्या, "जा तू. शालूजवळ मी हाय. मच्छिंद्रला बलिवते."

कर्वे रोडवरच्या हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं. सलाइन, इन्सुलिन, धावपळ. तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत घरी ठेवली असती तर अवघड होतं. कुणी ओळखलं?" भाभींनी माझ्याकडे बोट केलं. मी चपलांकडे बघत राहिले.

आम्ही बाकावर बसलो. रियाजभाई औषधं आणायला गेले होते. मच्छिंद्रला लावावा म्हणून मी फोन काढला, आणि पडद्यावर ठिपका आला. चारशे अठ्ठ्याऐंशी.

त्या सेन्सरचा आवाका एका खोलीपुरता असतो. मी फोन घेऊन खाली दुधाला गेले तरी सिग्नल तुटतो. शालू चार किलोमीटरवर घरी होती. मी ब्लूटूथ बंद केलं. पाच मिनिटं घड्याळ बघत बसले. ठिपका आला. चारशे शहात्तर.

तेवढ्यात आतून नर्सचा आवाज आला, "डॉक्टर, चारशे शहात्तर."

मी मच्छिंद्रला फोन लावून विचारलं. "शालू एकशे चार," तो म्हणाला. "मजेत आहे. आजी तिला गोष्ट सांगतेय. पण फोन तूच नेलास, आता इथे रेघ कशी बघायची?"

"बोट टोचून बघ," मी म्हटलं आणि ठेवला.

आबेदाभाभी माझ्या हातातल्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांनीही नर्सचा आकडा ऐकला होता.

"हे शालूचं?"

"नाही."

हे कसं, असं त्यांनी विचारलं नाही. मग त्या बाकावरून माझ्याजवळ सरकल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

"उतरतेय का?"

"उतरतेय. सावकाशच उतरायला हवी."

"आणि फार खाली गेली तर?"

"तर मी आत जाऊन सांगेन. मी बघतेय."

आतल्या पडद्यामागे कुठलं तरी यंत्र एकसारखं टिकटिकत होतं. मला आता गप्प राहवेना.

"भाभी, पौर्णिमेचा तो भात… मला शंका आली होती. तरी मी मुद्दाम…"

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. घट्ट, दुखेल इतका.

"ते मी तुम्हाला नंतर विचारणार आहे, वहिनी. सगळं विचारणार आहे. आत्ता पाच मिनिटं झाली. आकडा सांगा."

मी बघितलं आणि सांगितला.