तेजाबावरचा गूळ

भंडाऱ्यात आमचा पितळेचा कारखाना, अन् मिस्त्री मी, ताराचंद. डोकं माहं तापट, हे आधीच सांगून ठेवतो. पाण्याचा गुंड, म्हंजे पितळेचा हंडा, घडला की तेजाबात बुडवायचा, मंग तो सोन्यावानी चमकते. त्यातून पिवळा-तांबडा धूर निघते, म्हणून तेजाबाची नांद नेहमी आंगणात. कोणाले धूर लागला तं माही माय, गोदावरीबाई, आपल्या हातानं गुळाचा खडा द्यायची. बापाच्या वेळेपासूनची रीत.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लग्नसराईचा माल होता, अन् वावधन सुटलं. चमकल्या गुंडावर धूळच धूळ. माहं डोकं फिरलं. कारखान्यातल्या गड्याले ओरडलो, "डोमा, नांद आत घे, दार लाव!"

थोड्या वेळानं डोमा खोकत-खोकत बाहेर आला. मायनं गूळ दिला. घंट्याभरात गडी हासून राहिला. "काही नाही झालं, मिस्त्री." मले वाटलं, गुळानं उतरलं.

दिवस बुडता-बुडता त्याची बायको मंगलाबाई दारात. "मिस्त्री, त्यायले दम लागून राहिला. ओठ निळे पडले."

"आणखी गूळ दे."

"चुलीत घाला तुमचा गूळ! रिक्षा आणली मी. चला, कोणता धूर होता ते डॉक्टरले सांगा."

बाईनं असं झापलं, की मी गुमान रिक्षात बसलो.

दवाखान्यात डोमाले ऑक्सिजन लावला. तोंडाले फेस. नांद आत मीच घ्यायले लावली होती, अन् आता त्याच्याकडे पाहावत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "या धुराचं हेच वाईट. आधी खोकला, मग काही तास माणूस अगदी बरा दिसतो. आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. गूळ खाल्ला नसता, तरी दुपारी तो तेवढाच बरा दिसला असता."

माहा बाप असाच गेला. दुपारी गूळ खाल्ला, हासला. सांजेले तोंडाले फेस. लोक म्हणाले, आयुष्य सरलं. माय वीस वर्षं सांगत आली, "माह्या हातच्या गुळानं त्यायले दिवसभर तरी सुख दिलं." दुपारीच दवाखान्यात नेलं असतं तं? कोणाले सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी डोमा उठून बसला. घरी आलो तं माय दारातच उभी.

"वाचला नं डोमा? पाहाय, माह्या गुळानं तारलं."

सारं तोंडावर आलं होतं. अन् मी काही कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही.

"हो माय," म्हटलं, "तुह्याच गुळानं."

तेव्हापासून नांद आंगणातून हालली नाही. कोणाले धूर लागला की पह्यले दवाखाना. रिक्षात बसल्यावर माय त्याच्या हातात गुळाचा खडा देते. मी देऊ देतो.