गळा अंजनाबाईचा

“सही मी करतो ना मॅडम, द्या इकडे,” म्हणत रतनने पेन काढलंसुद्धा. डॉक्टर प्रांजलने ऑपरेशनच्या संमतीचा कागद मागे ओढला.

“गळा तुमचा आहे का?”

रतनचं तोंड बघण्यासारखं झालं. अंधेरीच्या ऑफिसात माणसं याला सर म्हणतात, आणि घाटकोपरच्या या इस्पितळात एवढीशी पोरगी त्याला गप्प करते! शेजारी बसलेल्या त्याच्या आईला, अंजनाबाईला, मात्र गुदगुल्या झाल्या.

“मावशी, घरी काय सांगितलंय तुम्हाला?”

“गल्यात बारकी गाठ हाय. काढली का दुसऱ्या दिवशी घरी.”

“आणि आवाजाचं?”

“आवाजाचं काय?”

“घाबरेल ती, मॅडम,” रतन पुटपुटला.

“घाबरू दे की. पण कळू तर दे.”

डॉक्टरने खुर्ची अंजनाबाईसमोर ओढली आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून समजावलं. गाठ श्वासनळीवर रेललीय. ठेवली तर वाढत जाणार, एक दिवस श्वास कोंडणार. काढायची, तर तिच्या मागूनच आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी. कितीही सांभाळलं तरी शंभरात एखाद-दुसरीचा आवाज कायमचा जातो.

आता अंजनाबाई म्हणजे माहुलची कोळीण. डोक्यावर पाटी घेऊन सोसायट्या फिरायची. खालून तिने “पापलेट घे गो बाय” म्हटलं की चौथ्या मजल्यावरची बाई पातेलं घेऊन जिना उतरलीच समजा. भांडली तर अख्खा कोळीवाडा दारात. सगळा धंदा त्या आवाजावर.

ती घाबरली, खोटं कशाला बोला! पण त्याहून मोठा एक आनंद वर उसळला. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं, तिला विचारलं नाही. घरची होडी विकली, तेव्हाही नाही. आणि आज एवढी शिकलेली डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून विचारतेय, मावशी, तुम्ही सांगा काय करायचं? अंजनाबाईला खुर्चीत बसवेना.

“शंभराचं जाऊ दे गो. तुझ्या हातचं सांग.”

“आये! असं विचारतात का?”

“तू गप रे! बाया पापलेट घेताना कल्ले उघडून बघतात, ताजं हाय का. मी तर गला देतेय.”

“मी ऐंशी केल्यात, मावशी. एकीचा गेला.”

“काय करायची ती?”

“गाणं शिकवायची. आता नाही शिकवत. मी अजून फोन करते तिला. ती मेसेजने उत्तर देते.”

अंजनाबाईने मांडीवर थाप मारली. “बस्स! हिच्याच हातून!”

“अगं, हिच्याच हातून गेलाय ना एकीचा!”

“म्हनूनच. ज्याच्या हातून कदी काय बिघडलंच नाय, तो खोटा बोलतो. आन पेन.”

सही केली ती ऐटीत. मग बाहेर पॅसेजमध्ये येऊन तिने अशी काही आरोळी ठोकली की दोन सिस्टर धावत आल्या. “कोनाला काय झालं नाय गो! एकदा पोटभर वरडून घेतेय!” वॉर्डभर हशा पिकला. रतनने कपाळावर हात मारला, पण हसला तोही.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आली. “मावशी, काहीतरी बोला.”

अंजनाबाईने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

“सहा महिन्यांत परत येऊ शकतो,” डॉक्टर म्हणाली. “नाहीही येणार. नस दिसत होती मला, धक्काही लागू दिला नव्हता. तरी...”

“केस करीन मी!” रतन ओरडला.

अंजनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तरी तिने हात वर करून त्याला थांबवलं, मग डॉक्टरचा कोट धरून तिला जवळ ओढलं आणि नुसत्या श्वासाने विचारलं.

“आता पुढचीला काय सांगशील?”

“एक्याऐंशीत दोघी.”

“हां. घाबरली तर माहुलला धाड माज्याकडं. मी सांगेन तिला.”

एवढंसं ऐकायलाही डॉक्टरला कान तिच्या ओठांपाशी न्यावा लागला.