तालीम म्हणजे काय, ते मला विचारा

मी एक जुने आत्मचरित्र आहे आणि मित्रांनो, आज मी रागावलेले आहे. पुस्तकाला राग येत नाही असे समजू नका. तो पानांत दाबून ठेवलेला असतो, इतकेच.

माझे नाव 'तालीम सुटली नाही'. मी एका पैलवानाचे आयुष्य आहे. त्याला लिहिता येत नव्हते. तो ओट्यावर बसून बोलायचा आणि शेजारचे मास्तर लिहून घ्यायचे. मास्तरांनी मध्येच एखादा भारदस्त शब्द घातला की पैलवान म्हणायचा, "मास्तर, हे मी बोललो नाही. खोडा." म्हणून माझ्यात उसना शब्द सापडायचा नाही. एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. कागद स्वस्त होता, शिलाई मात्र पक्की.

पहिल्याच पानावर माझा पैलवान हरतो. जत्रेत, भरल्या मैदानात, का तर समोरच्याने कंबर धरली आणि याला गुदगुल्या झाल्या! छापून आल्यावर हे वाचून लोक पोट धरून हसायचे आणि मग मला खाली ठेवायचेच नाहीत. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे बदली होऊन दिल्लीला निघालेल्या एका साहेबांच्या ट्रंकेतून मी लक्ष्मीबाई नगरला आले. साहेब परत गेले तेव्हा मला मराठी मंडळाच्या वाचनालयात ठेवून गेले. वाचनालय म्हणजे एक खोली आणि भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटे. मंडळाचे सेक्रेटरी विनय दिल्लीतच जन्मले, दिल्लीतच वाढले. माणूस कामसू. सुट्टीचे दिवस खर्ची घालून त्यांनी सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या. माझे नाव वाचून म्हणाले, "तालीम? अच्छा, एज्युकेशन!" आणि माझ्या पाठीवर 'शिक्षण' अशी चिठ्ठी बसली.

हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण, हे कबूल. पण मी मराठी पुस्तक आहे हो! आपल्याकडे पैलवान मातीत घाम गाळतात ती तालीम.

माझ्या शेजारीही असेच एक दुर्दैवी पुस्तक येऊन बसले. एका नाटकातल्या बाईंचे आत्मचरित्र, 'उद्या तालीम दहाला'. नाटकाच्या सरावालाही आपण तालीमच म्हणतो. पण चिठ्ठी तीच, 'शिक्षण'! बाई फार गमतीच्या. भर प्रयोगात नायकाची मिशी त्यांच्या गालाला चिकटली, आणि पुढचा अख्खा प्रवेश त्यांनी गालावर हात ठेवून, दात दुखतो असे सांगत निभावला. आम्ही दोघे परीक्षेच्या पुस्तकांमध्ये अंग चोरून उभे राहिलो. कोणी आम्हाला अभ्यासासाठी नेई आणि दुसऱ्याच रविवारी परत आणी. "ये क्या यार, इसमें तो कुश्ती है!" मग कोणीच नेईना. धूळ बसली, कसर लागली.

यंदा मंडळाने मुलांसाठी 'माझे आवडते पुस्तक' अशी भाषणाची स्पर्धा ठेवली. नियम विनयनी ठरवले. आमच्या कपाटासमोर उभे राहूनच त्यांनी ते सांगितले. "आत्मचरित्र चालेल, पण थोर व्यक्तींचं. खेळाडू, नट, गाणारे-नाचणारे नकोत. तो टाइमपास आहे."

टाइमपास! मित्रांनो, माझी शिलाई उसवायची बाकी राहिली. कपाटातल्या थोरांची आत्मचरित्रे मला ठाऊक आहेत. बहुतेकांत कोणी कधी चुकत नाही, कोणाला कधी गुदगुल्या होत नाहीत. आमची माणसे हजारो लोकांसमोर आपटतात, विसरतात, पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभी राहतात. वर ती गोष्ट स्वतःच हसत सांगतात. हे हलके काम आहे काय?

त्याच रविवारी फरीदाबादहून तनया आली. शाळकरी पोर, मराठी अक्षर अडखळत वाचणारी. तिला शाळेसाठी शिक्षणावर काहीतरी हवे होते. चिठ्ठी पाहून तिने मला उचलले, उघडले आणि खुदकन हसली. तशीच मला घरी घेऊन गेली.

तिचे आजोबा भालचंद्र. उमर कारखान्यात गेली, अक्षरओळख पन्नाशी उलटल्यावर झाली. ते ओळीखाली बोट सरकवत वाचतात. तनयाही तशीच. दोघांचा वेग एक, म्हणून कोणाला कोणासाठी थांबावे लागले नाही.

"आजोबा, लंगोट म्हणजे?"

"पैलवानाचा युनिफॉर्म." आजोबांनी हाताने माप दाखवले.

"बस, इतकासाच?"

"इतकासाच. पण घट्ट बांधावा लागतो. नाहीतर तुझ्या पैलवानापेक्षा मोठी फजिती!"

आई कल्पना स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, जेवायला येताय की त्या पुस्तकाला वाढू?"

इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी हसण्याने माझी पाने हलली. तनयाने ठरवले, बोलायचे तर याच पुस्तकावर. "पण विनयकाका नाही म्हणाले तर?" तिला रात्रंदिवस तीच धाकधूक.

स्पर्धेच्या दिवशी दाराशी पुस्तकांचा गठ्ठा बांधलेला होता. 'शिक्षण'चा खण रिकामा केला होता. "सिलॅबस जुना झाला, कबाडीवाला रद्दी न्यायला येईल," विनय कोणाला तरी सांगत होते. गठ्ठ्यात माझी शेजारीण होती. सुतळी तिच्या कव्हरात रुतली होती. मी तनयाच्या हातात, आणि हाक मारायला मला तोंड नाही.

तनया पुढे गेली. विनयनी माझी पाठ पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "शिक्षण! बिल्कुल सही, बेटा. बोल."

ती बोलू लागली. गुदगुल्यांची कुस्ती सांगितली, सभागृह हसले. मग मोठी कुस्ती, बक्षिसाचा मेंढा, मेंढा घेऊन घरी निघालेला पैलवान...

"एक मिनिट!" विनय उठले. "ही तर कुस्ती आहे. नियमात बसत नाही. खाली बस, बेटा."

डोळे भरून आले, तरी तनयाने माझी पाठ त्यांच्यापुढे धरली. "पण काका, चिठ्ठी तुमचीच आहे."

"तालीम म्हणजे शिक्षणच ना?"

"अरे विनय," भालचंद्र मागून म्हणाले, "मराठीत तालीम म्हणजे आखाडा. नाटकाचीसुद्धा तालीमच. तू हिंदीतली धरलीस."

लोक हसले. विनय लाल झाले. "असू दे, काका. नियम तो नियम. नंबर मिळणार नाही."

तेवढ्यात कल्पना खुर्चीवरून उठली. "नंबर नको तुमचा! मेंढ्याचं काय झालं, ते तरी पोरीला सांगू द्या!"

"हो, मेंढ्याचं सांगा!" चारी बाजूंनी आवाज आले.

तनयाने डोळे पुसले आणि सांगितले. ओढ्यापाशी पैलवान पाणी प्यायला वाकला आणि मेंढ्याने मागून अशी टक्कर दिली की गडी पालथा पाण्यात. 'तालुक्यात मला कोणी पाडले नाही, बक्षिसाने पाडले,' असे माझा पैलवान म्हणतो. सभागृह दणाणले. विनयही तोंड फिरवून हसत होते, मी पाहिले.

कार्यक्रम संपल्यावर, गठ्ठ्यात आणखी अशी पुस्तके आहेत का ते पाहायला तनया धावत दाराशी गेली. तिथे फक्त सुतळीचा एक तुकडा पडला होता. आत हशा चालला होता, तेव्हाच कबाडीवाला येऊन गेला होता.

आता मी फरीदाबादला असते, तनयाच्या उशापाशी. विनयनी 'जुने झाले, ठेव तुझ्याकडेच' म्हणून देऊन टाकले. आजोबा नखाने माझी चिठ्ठी खरवडायला लागले, तर तनया म्हणाली, "राहू द्या. तिच्यामुळेच तर सापडलं."

मी वाचले, तरी माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, आम्हाला टाइमपास म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण आधी उघडून वाचा. आणि रद्दीच्या ढिगात पाठीवर 'शिक्षण' असे लिहिलेले, सुतळीने कव्हर कापलेले एखादे पुस्तक दिसले, तर मिशीची गोष्ट शोधा. सापडली तर माझ्या शेजारणीला घरी न्या. आणि तिला सांगा, तालीम अजून सुटलेली नाही.